एक ग्रॅम यटर्बियममधून ल्युटेशियम-१७७ वेगळे करताना : कॉलम लांब करू नका, तीन करा

प्रश्न थोडक्यात असा आहे : अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या यटर्बियम-१७६ मधून वाहकविरहित (म्हणजे स्थिर ल्युटेशियम न मिसळलेले) ल्युटेशियम-१७७, कर्करोगाच्या औषधात लागणारे किरणोत्सारी समस्थानिक, काढायचे आहे. कॉलममधून, म्हणजे आयन धरणाऱ्या रेझिनच्या दाण्यांनी भरलेल्या नळीतून, द्रव सोडला की पाच मिलिग्रॅमच्या थंड (किरणोत्सार नसलेल्या) चाचण्यांत दोन्ही धातूंची शिखरे स्वच्छ सुटी होतात. टार्गेट (मारा करायचे यटर्बियम) एक ग्रॅमचे झाले की ल्युटेशियमच्या फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या वेगळ्या घेतलेल्या भागात, यटर्बियम उतरते. गॅमा वर्णपटात माल ९९.९ टक्क्यांच्या वर शुद्ध दिसतो, तरीही डोटा-पेप्टाइडला (डोटा हा धातू पकडणारा रेणू) जोडताना जोडणी कमी होते. कॉलम लांब करावा की रेझिन बदलावे?

आत्ता दोन्ही करू नका. आधी हातात नक्की काय आणि किती आहे याचा हिशेब मांडा. तो मांडला की गॅमा वर्णपट तुम्हाला का फसवतो आहे आणि एका कॉलमवर हे काम का उरकत नाही, दोन्ही दिसेल.

यटर्बियम-१७६ चा औष्णिक (मंद) न्यूट्रॉन पकडण्याचा काटछेद, म्हणजे न्यूट्रॉन पकडण्याच्या शक्यतेचे माप, २.८५ बार्नच्या आसपास आहे, म्हणजे तसा लहानच. न्यूट्रॉन पकडून यटर्बियम-१७७ होते आणि १.९ तासांच्या अर्धायुष्याने ते ल्युटेशियम-१७७ मध्ये बदलते. ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य ६.६५ दिवस. दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला एकावर चौदा शून्ये इतका न्यूट्रॉन प्रवाह धरा, १ ग्रॅम यटर्बियम आणि १४ दिवसांचा मारा. बाहेर काढताना साधारण ७५० गिगाबेक्वेरेल ल्युटेशियम मिळते. आकडा मोठा वाटतो, पण शुद्ध ल्युटेशियम-१७७ ची विशिष्ट क्रियता (दर वजनामागे किरणोत्सार) मिलिग्रॅमला सुमारे ४.१ टेराबेक्वेरेल असल्यामुळे वजनात हे सगळे मिळून ०.१८ मिलिग्रॅम भरते. बाकीचे यटर्बियम जवळजवळ जसेच्या तसे. त्या १४ दिवसांत दहा हजारांतले तीन-साडेतीन अणूच बदललेले असतात आणि त्यांतलेही निम्म्याच्या आसपास तोवर हॅफ्नियम-१७७ होऊन बसलेले असतात.

तर एका ल्युटेशियमला साडेपाच हजार यटर्बियम. ही दोन मूलद्रव्ये शेजारी. सहा-समन्वयी त्रिज्येत यटर्बियम ८६.८ आणि ल्युटेशियम ८६.१ पिकोमीटर. दोघेही त्रिसंयुजी आयन, रसायन जवळजवळ एकच. अल्फा-हायड्रॉक्सीआयसोब्युटिरिक आम्ल (पुढे नुसते हिबा म्हणतो) वापरून कॅटायन रेझिनवर या जोडीचा विलगीकरण गुणांक (एकाची रेझिनवरची पकड दुसऱ्याच्या किती पट) दीडच्या आसपास मिळतो. फॉस्फॉनिक आम्लाच्या एलएन२ जातीच्या रेझिनवर तो १.८ च्या घरात जातो.

आता गुणांक १.५ धरून एका कॉलमचे चित्र काढू. ल्युटेशियमचे शिखर कॉलमच्या मोकळ्या आकारमानाच्या (रेझिनच्या दाण्यांमधल्या रिकाम्या जागेच्या) ११ पटींवर आणि यटर्बियमचे १६ पटींवर येते, पट्ट्या (कॉलम किती बारकाईने वेगळे करतो ते मोजणारे काल्पनिक थर) २०० आहेत असे धरा. १२.५ पटींवर फ्रॅक्शन तोडले तर ल्युटेशियमचा २.७ टक्के भाग मागे राहतो, आणि यटर्बियमचा ०.१ टक्का पुढे येतो. ऐकायला छान. पण एक ग्रॅमचा ०.१ टक्का म्हणजे एक मिलिग्रॅम! तुमच्या ०.१८ मिलिग्रॅम ल्युटेशियमच्या बाटलीत साडेपाच पट यटर्बियम. डोटाला दोघांत फारसा फरक कळत नाही. समोर सापडेल तो धातू तो धरतो, त्यामुळे जोडणीत डोटाचा बहुतेक हिस्सा यटर्बियम खाऊन टाकते.

हे वर्णपटात का दिसत नाही? समृद्ध यटर्बियम-१७६ मध्ये थोडे यटर्बियम-१७४ राहतेच. ते ०.२ टक्के असेल असे धरा. त्याचा काटछेद ६५ बार्नच्या आसपास, त्यामुळे मारा संपताना ल्युटेशियमच्या क्रियतेच्या साधारण ५ टक्के यटर्बियम-१७५ (अर्धायुष्य ४.२ दिवस, ३९६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेघ) तयार असते. ही ५ टक्के क्रियता त्या संपूर्ण एका ग्रॅमची. बाटलीत आलेल्या एका मिलिग्रॅमची तिच्या हजारावा भाग, म्हणजे ल्युटेशियमच्या क्रियतेच्या ०.००५ टक्के. यटर्बियम-१७५ साठी मर्यादा असते ०.१ टक्का. म्हणून वर्णपट पास होतो आणि पेप्टाइड नापास करते. टार्गेट जितके जास्त समृद्ध, तितका यटर्बियम-१७५ हा खबऱ्या मुका.

शिवाय ३९६ च्या रेघेच्या आसपास मोजतानाही सावध राहा. ल्युटेशियमची मुख्य रेघ २०८ ची आहे. दोन फोटॉन एकाच वेळी डिटेक्टरवर आदळले की ४१६ ला खोटा उंचवटा येतो आणि त्याची शेपटी ३९६ खालची पार्श्वभूमी वर उचलते. नमुना पातळ करा, डेड टाइम (डिटेक्टर नवा फोटॉन टिपू शकत नाही तो वेळ) ५ टक्क्यांच्या आत ठेवा. डिटेक्टरपुढे शिशाचा पातळ पत्रा धरला तर २०८ च्या रेघेला जास्त आणि ३९६ च्या रेघेला कमी कात्री लागते, तोही उपाय चालतो.

खरे मोजमाप वस्तुमानाचे. वाहकविरहित ल्युटेशियमसाठी साधारण मागितली जाणारी मर्यादा दर गिगाबेक्वेरेलला ०.१ मायक्रोग्रॅम यटर्बियम ही आहे. ७५० गिगाबेक्वेरेलला ७५ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅमवरून तिथे पोहोचायला यटर्बियम तेरा हजार पटींनी कमी व्हावे लागते. आयसीपी-मास यंत्रावर (अणू वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) १७६ या वस्तुमानाला वाचा. तिथे यटर्बियम, ल्युटेशियम, हॅफ्नियम तिघेही येऊ शकतात, पण वाहकविरहित मालात ल्युटेशियम-१७६ नगण्य असते आणि क्षयातून होणारे हॅफ्नियम १७७ चे असते. बाहेरून आलेल्या नैसर्गिक हॅफ्नियमची शंका असेल तर १७८ आणि १८० पाहून वजावट करा. सवयीने १७४ वाचू नका. समृद्ध मालात त्या जागी यटर्बियम जवळजवळ नसतेच आणि उत्तर शेकडो पटींनी कमी येते.

हे झाले आदर्श कॉलमचे. तुमचा कॉलम आदर्श नाही, कारण तो भरला आहे. पाच मिलिग्रॅमला जो कॉलम २०० पट्ट्यांचा वागतो, तोच एक ग्रॅमला ६० पट्ट्यांसारखा वागू शकतो. मग त्याच १२.५ च्या छेदावर यटर्बियमचा साडेचार टक्के भाग, म्हणजे ४५ मिलिग्रॅम, ल्युटेशियमसोबत येतो आणि ल्युटेशियमचा १४ टक्के भाग मागे सुटतो. कॉलम दुप्पट लांब केला तर पट्ट्या दुप्पट होतील, पण वेळ आणि द्रवाचे आकारमानही दुप्पट होईल. ल्युटेशियम तर दिवसाला १० टक्के कमी होत असते. बारा तास उशीर म्हणजे पाच टक्के माल गेला.

याउलट दुसऱ्या कॉलमवर काय होते ते पाहा. पहिल्याने एक ग्रॅमचे ४५ मिलिग्रॅम केले, अगदी निष्काळजीपणे केले तरी. आता हे ४५ मिलिग्रॅम ताज्या, लहान, न भरलेल्या कॉलमवर जातात. तिथे ०.१ टक्का गळती म्हणजे ४५ मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या आत आलात. तिसरा कॉलम सुरक्षिततेसाठी आणि हिबा काढून टाकण्यासाठी. एका लांब कॉलमला जे अवघड जाते ते दोन आखूड कॉलम सहज करतात, कारण दुसऱ्याच्या डोक्यावर एका ग्रॅमचे ओझे नसते.

पहिल्या कॉलमचा आकार ल्युटेशियमवरून नाही, यटर्बियमवरून ठरवा. आठ टक्के आडबंधांच्या सल्फॉनिक कॅटायन रेझिनची क्षमता ओल्या रेझिनच्या मिलीला साधारण १.७ मिलिइक्विव्हॅलंट. त्रिसंयुजी यटर्बियमसाठी हे मिलीला १०० मिलिग्रॅम भरते. म्हणजे एक ग्रॅम नुसते बसायलाच १० मिली रेझिन लागते. विलगीकरण हवे असेल तर भार क्षमतेच्या ५ ते १० टक्क्यांत ठेवावा, म्हणून १०० ते २०० मिली. २.५ सेंटिमीटर व्यासाचा ४० सेंटिमीटर उंच कॉलम जवळजवळ २०० मिलीचा होतो. दुसरा १ सेंटिमीटर व्यासाचा २० सेंटिमीटर उंच, सुमारे १५ मिली. तिसरा १ मिलीचा पुरतो.

आता कामाचा क्रम.

टार्गेट ऑक्साइडच्या रूपात, क्वार्ट्झच्या बंद नळीत. एक ग्रॅम यटर्बियमला १.१४ ग्रॅम ऑक्साइड लागते. नायट्रेट लवकर विरघळते, पण किरणांनी त्यातून वायू सुटून बंद नळीत दाब वाढतो, ऑक्साइड बरे. मारा करण्याआधी टार्गेटमधले नैसर्गिक ल्युटेशियम तपासून घ्या. १० पीपीएम असेल तर एका ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमच्या १८० मायक्रोग्रॅममध्ये पाच टक्क्यांहून जास्त भेसळ. ही भेसळ पुढे कोणत्याही कॉलमवर निघत नाही. शिवाय त्यातल्या ल्युटेशियम-१७६ पासून १६० दिवसांच्या अर्धायुष्याचे ल्युटेशियम-१७७एम (त्याच केंद्रकाचे उत्तेजित रूप) तयार होते. ते टाळता यावे म्हणून तर आपण यटर्बियमच्या लांबच्या वाटेने आलो. यटर्बियम-१७४ चेही तसेच : ०.२ टक्के असेल तर १४ दिवसांत त्याच्यापासून जवळपास १० मायक्रोग्रॅम स्थिर ल्युटेशियम-१७५ तयार होऊन मिसळते.

अणुभट्टीतून काढल्यावर एक दिवस थांबा. २४ तासांत यटर्बियम-१७७ ची साडेबारा अर्धायुष्ये होतात, मागे सहा हजारांवा भाग उरतो. घाईने आधी वेगळे केले तर उरलेले यटर्बियम-१७७ यटर्बियमच्या बाटलीत जाते आणि त्याचे ल्युटेशियम तिथेच तयार होऊन वाया जाते.

हॉट सेलमध्ये (किरणांपासून आडोसा असलेल्या बंद कक्षात) नळी फोडली की क्वार्ट्झचे कण आलेच. ऑक्साइड ६ ते ८ मोलर नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५ मिलीत ८० ते ९० अंशांवर विरघळवा. एका ग्रॅमला हिशेबाने १७ मिलिमोल आम्ल पुरते, पण दुप्पट घ्या. जास्त तापमानाला भाजलेले ऑक्साइड हट्टी असते, त्याला वेळ द्या. द्राव पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि पारदर्शक दिसला तरी गाळून घ्या. न गाळता दिला तर कॉलमच्या डोक्यावर पांढुरकी साय धरते, दाब चढतो आणि धातूचा पट्टा तिरका उतरतो. मग जास्तीचे आम्ल आटवून टाका, पण कोरडेठाक करू नका. कोरडे भाजले गेले की क्षारीय लवण तयार होते, ते पातळ आम्लात परत विरघळत नाही आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेल्या त्या करड्या कड्यात माल अडकतो. ओलसर गोळा उरला की थांबा. ०.०५ ते ०.१ मोलर आम्लाच्या २० ते ३० मिलीत उचला. आम्ल याहून तीव्र राहिले तर यटर्बियम रेझिनच्या माथ्यावर घट्ट बसत नाही, भरतानाच पट्टा लांबतो आणि पुढची सगळी गणिते चुकतात.

रेझिन अमोनियम रूपात, हिबाही अमोनियाने सामू जमवलेला. लॅन्थॅनाइडांसाठी हिबाचा वापर चॉपिन आणि सिल्व्हा यांनी १९५६ मध्ये मांडला आणि शेजारच्या जोड्यांसाठी पाण्यातल्या द्रावणांत आजही त्याला तोड नाही असे माझे मत आहे. त्याआधी दहा वर्षे आयन-विनिमयाच्याच कॉलमने ६१ व्या मूलद्रव्याचा, प्रोमेथियमचा, पत्ता लावला होता. कॉलमची पद्धत जुनी आहे म्हणून कमी लेखू नये.

ल्युटेशियमसाठी ०.०७ मोलरच्या आसपास हिबा आणि ४.२ च्या आसपास सामू ही सुरुवात समजा. नक्की आकडा तुमच्याच रेझिनच्या बॅचवर थंड चाचणीतून काढायचा. इथे सर्वांत जास्त चूक सामूत होते. हिबाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे आम्ल ऋणायन झालेले असते तो आकडा) ४ च्या जवळ आहे, म्हणजे आपण बरोबर उतारावर उभे आहोत. सामू ०.०५ ने चुकला तर मोकळ्या ऋणायनाचे प्रमाण ४ टक्क्यांनी बदलते, आणि एका धातूला तीन-चार ऋणायन लागत असल्याने शिखराची जागा १२ ते १५ टक्क्यांनी सरकते. ल्युटेशियम ११ पटींवर यायचे तिथे साडेनऊवर किंवा साडेबारावर. जुन्या बफरने जुळवलेल्या सामूमापकावर विश्वास ठेवून ठरलेल्या मिलीला छेद देणारे इथेच फसतात. द्राव ताजा करा, ०.२२ मायक्रॉनने गाळा (ठेवलेल्या हिबात बुरशी येते), हवा काढून टाका.

कॉलमला पाण्याचा जाकीट लावून ५० ते ६० अंशांवर चालवला तर विनिमय जलद होतो आणि शिखरे अरुंद होतात. त्याची किंमत बुडबुड्यांनी मोजावी लागते, कारण गरम द्रवातून हवा सुटते आणि वर किरणांमुळे वायू तयार होतो. ७५० गिगाबेक्वेरेल १० मिलीत असेल तर बीटा कणांचा डोस तासाला साधारण ६ किलोग्रे होतो. म्हणून पट्टा रेझिनवर असताना पंप बंद करू नका. चालत्या द्रवात बुडबुडा वाहून जातो. थांबलेल्या द्रवात तो जागा धरतो, त्याच्या बाजूने वाट पडते आणि तिथून यटर्बियम बोटासारखे पुढे घुसते. असा कॉलम चुकलेला ओळखायची खूण म्हणजे यटर्बियमची सुरुवात एकदम न चढता आधी बारीक, लांब पायरीसारखी दिसणे.

चौरस सेंटिमीटरला मिनिटाला १ मिली वेग ठेवला तर २.५ सेंटिमीटरच्या कॉलमला मिनिटाला ५ मिली होतात. मोकळे आकारमान ८० मिलीच्या आसपास धरले तर ल्युटेशियमचे शिखर साधारण ८८० मिलीला, म्हणजे तीन तासांच्या आत येते आणि शिखर सुमारे अडीचशे मिलीत पसरलेले असते.

हिबामध्ये ल्युटेशियम आधी बाहेर येते, यटर्बियम मागाहून. हाच हिबाचा मोठा फायदा. यटर्बियमचा प्रचंड पट्टा मागून रेटत असल्यामुळे त्याच्या पुढ्यातले ल्युटेशियम दाबले जाऊन घट्ट होते. एलएन२ रेझिनवर उलट : सुमारे १.४ मोलर नायट्रिक आम्लात यटर्बियम आधी जाते आणि ल्युटेशियम त्याच्या शेपटीत सापडते. शेपटी कधीच कापल्यासारखी संपत नाही. म्हणून गुणांक १.८ असला तरी ग्रॅमच्या पातळीवर पहिल्या कॉलमला मी एलएन२ सुचवणार नाही. दहा-वीस मिलिग्रॅम उरल्यावर मात्र ते उत्तम, कारण तिथे नुसती खनिज आम्ले लागतात आणि एलएन२ व डीजीए (तीव्र आम्लात लॅन्थॅनाइड धरून पातळ आम्लात सोडणारे दुसरे रेझिन) एकमेकांना जोडून चालवता येतात. एलएन२ वरून ल्युटेशियम ४ मोलर नायट्रिकने सुटते, ते तसेच डीजीएवर बसते. डीजीएवरून ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिकने सुटते, ते तसेच पुढच्या एलएन२ वर बसते. मध्ये आटवणे नाही, सामू जमवणे नाही. फक्त एक लक्षात ठेवा : एलएन२ वरची पकड आम्लाच्या तीव्रतेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आम्ल ३ टक्क्यांनी चुकले तर शिखर ९ टक्क्यांनी सरकते. बाटलीवरचा आकडा धरून पातळ केलेले आम्ल चालत नाही, टायट्रेशन करूनच वापरा.

छेद कुठे द्यायचा हे डिटेक्टरवरून ठरवा. कॉलमच्या तोंडाशी शिशाच्या फटीमागे लहान डिटेक्टर ठेवला की २०८ ची चढण आणि उतरण दिसते. यटर्बियमची सुरुवात १७५ च्या ३९६ वरून किंवा यटर्बियम-१६९ (३२ दिवस) वरून पाहा. पण वर म्हटल्याप्रमाणे हा खबऱ्या उशिरा बोलतो. म्हणून २०८ चा आलेख शिखरावरून उतरून दहाव्या भागावर आला की फ्रॅक्शन तोडा, उरलेली शेपटी वेगळ्या बाटलीत घ्या आणि मोह टाळा. दोन-तीन टक्के माल परत मिळवण्यासाठी मिसळ फ्रॅक्शन मुख्य बाटलीत ओतले की पुढच्या कॉलमवरचा भार कित्येक पटींनी वाढतो.

पहिल्या कॉलमचे फ्रॅक्शन हायड्रोक्लोरिकने सामू १ च्या जवळ आणा. हिबा प्रोटॉन घेऊन गप्प बसते, ल्युटेशियम मोकळे होते आणि दुसऱ्या कॉलमच्या माथ्यावर अरुंद पट्ट्यात बसते. पाण्याने धुवा आणि त्याच हिबाने पुन्हा चालवा. इथे भार क्षमतेच्या तीन टक्के, त्यामुळे शिखरे पाच मिलिग्रॅमच्या चाचणीसारखी सुटी दिसतील. वीसेक मिलीचे फ्रॅक्शन मिळते. त्यात तीव्र नायट्रिक घालून ते ४ मोलर करा (गरम न करता) आणि १ मिली डीजीएवर चढवा. ४ मोलर नायट्रिकने १० मिली धुतले की हिबा, अमोनियम, लोह, ॲल्युमिनियम निघून जातात. कॅल्शियम मात्र थोडे अडते, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नये. नायट्रेट हटवायला ३ मोलर हायड्रोक्लोरिक ३ ते ५ मिली, मग हवेने कोरडे, मग ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिकच्या ५ मिलीत ल्युटेशियम उतरवा. डीजीएमधला निष्कर्षक थोडा थोडा सुटत असतो. बाहेर पडताना प्रीफिल्टर रेझिनचा अर्धा मिली थर ठेवा. तयार माल ०.०४ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये देण्याची पद्धत आहे.

यटर्बियम गेल्यावरही जोडणी बिघडली तर संशय लोह, जस्त, तांबे यांच्यावर घ्या. दर गिगाबेक्वेरेलला लोहाची मर्यादा अर्धा मायक्रोग्रॅम, तांबे आणि जस्ताची एक-एक मायक्रोग्रॅम. तीन कॉलमना मिळून लिटर-दीड लिटर द्रव लागतो आणि त्यातली घाण शेवटी एका मिलीवर गोळा होते. पोलादी सुई, पोलादी पंपहेड, काचेची बाटली, रबरी बूच यांतले काहीही आम्लाच्या वाटेत नको. धातूंसाठी शुद्ध केलेलीच आम्ले घ्या, अमोनियाही त्याच प्रतीचा.

अशी चाचणी करून पाहा म्हणजे माझ्या म्हणण्याची खात्री पटेल. एक ग्रॅम नैसर्गिक यटर्बियम आणि ०.२ मिलिग्रॅम नैसर्गिक ल्युटेशियम घ्या, किरणोत्सार नाही. हीच खरी थंड चाचणी. पाच मिलिग्रॅमवाली नव्हे. दर २० मिलीला फ्रॅक्शन घ्या. पांढऱ्या फरशीच्या खळग्यात फ्रॅक्शनचा एक थेंब, फॉर्मिक आम्लाने सामू ३ केलेल्या आर्सेनाझो-३ या रंगद्रव्याचा एक थेंब. धातू नसेल तर गुलाबी राहतो, असेल तर निळसर हिरवा होतो. ल्युटेशियमचा निळा फिका आणि थोडाच वेळ टिकणारा, मग काही खळगे पुन्हा गुलाबी, मग एकदम गडद निळे, ते यटर्बियम. मधले गुलाबी खळगे दिसले तर कॉलम ठीक. निळ्यातून थेट गडद निळ्यात गेलात तर कॉलम भरलेला आहे, सामू चुकला आहे किंवा वाट पडली आहे. याच क्रमाने तपासा. यटर्बियम आयन ९७५ नॅनोमीटरच्या जवळ प्रकाश शोषतो, ल्युटेशियम शोषत नाही. तिथे वाचणारा फोटोमीटर असेल तर थंड चाचणीत यटर्बियमचा माथा सलग काढता येतो. फ्रॅक्शनांचे आकडे आयसीपीवर घ्या आणि छेदाचा बिंदू मोकळ्या आकारमानाच्या पटींत लिहून ठेवा, मिलीत नाही. रेझिन पुन्हा भरले की मिली बदलतात.

यटर्बियम धातूरूपात ८२४ अंशांना वितळते आणि त्याच्याही खाली निर्वातात उडून जाते, ल्युटेशियम मागे राहते. या मार्गानेही ढिगाचा मोठा भाग आधी काढता येतो. द्विसंयुजी करून सोडियम अमाल्गमने (पाऱ्यात विरघळवलेल्या सोडियमने) यटर्बियम पाऱ्यात ओढण्याची पद्धतही आहे. पण औषधाच्या मालात पारा हे दुखणे विकत घेण्यासारखे आहे. उर्ध्वपातनाची भट्टी तुमच्याकडे नसेल तर कॉलमच बरे.

हेच गणित गॅडोलिनियम-१६० पासून टर्बियम-१६१ काढताना चालते. तिथे जोडीचा गुणांक बराच मोठा असल्याने काम सोपे, आणि टर्बियमही हिबात आधीच बाहेर पडते. मात्र टार्गेटमध्ये गॅडोलिनियम-१५७ किती आहे ते पाहा. त्याचा काटछेद अडीच लाख बार्न आहे आणि थोडेसे असले तरी ते न्यूट्रॉन गिळून टाकते.

शेवटी यटर्बियम परत मिळवणे. समृद्ध यटर्बियमचा खर्च या कामात सर्वांत मोठा आणि दर फेरीला त्यातले वापरले जाते दहा हजारांत साडेतीन. यटर्बियमची फ्रॅक्शने सामू १ ते २ ला आणून गरम असतानाच ऑक्झॅलिक आम्ल हळूहळू घाला. थंडीत, झपाट्याने पाडलेला साका लोण्यासारखा बारीक बसतो आणि गाळणीतून निसटतो. गरम पाडून रात्रभर ठेवलेला दाणेदार होतो. धुवून, वाळवून ८०० ते ९०० अंशांवर भाजा म्हणजे ऑक्साइड परत मिळते. यटर्बियम-१७५ सहा आठवड्यांत संपते, १६९ ला मात्र जास्त वेळ लागतो, म्हणून टार्गेटचे दोन-तीन संच आळीपाळीने वापरावे लागतात. नव्या फेरीआधी या ऑक्साइडमधले ल्युटेशियम पुन्हा मोजा. मागच्या वेळी शेपटीत सुटलेले थोडे स्थिर ल्युटेशियम-१७५ त्यात उरलेले असू शकते. शेपटी यटर्बियममध्ये तशीच परत ओतलीत तर विशिष्ट क्रियता थोडी उतरू शकते आणि दोष विनाकारण कॉलमला दिला जातो. शेपटीची बाटली वेगळी साठवा आणि लहान कॉलमवरून एकदा काढून मगच यटर्बियम ढिगात घाला.